चमकीचा खटला

लेकीला नाक टोचायचंय. माझ्या आईनं माझं टोचलं होतं आणि तिला आता नातीचं टोचायचंय, म्हणून मी शाळेची नियमपुस्तिका काढून बसले. दागिन्यांच्या पानावर कानातल्या साध्या कुड्यांपलीकडे कशालाच परवानगी नाही. पण खाली एक ओळ आहे: धर्म किंवा संस्कृतीच्या कारणासाठी सूट हवी असेल तर अर्ज करावा.

शेजारच्या आंटींनी त्या ओळीवर बोट ठेवलं. "ही आमच्या एका मुलीची कमाई," त्या म्हणाल्या. आंटी तमिळ वंशाच्या, इथेच दक्षिण आफ्रिकेत, डर्बनच्या चॅट्सवर्थ उपनगरात वाढलेल्या. १८६० पासून उसाच्या मळ्यांवर गिरमिटिया, म्हणजे करारानं बांधलेले, मजूर म्हणून आलेल्यांची ही पाचवी पिढी. तमिळ बोलता येत नाही, पण नाकातली चमकी टिकून आहे.

ती मुलगी डर्बनच्याच एका नावाजलेल्या शाळेत शिकत होती. २००४ च्या सुट्टीत आईनं तिचं नाक टोचलं आणि शाळा म्हणाली, चमकी काढा. मुलगी वयात आली की नाक टोचायचं आणि पुढे सोन्याच्या चमकीच्या जागी आजीनं हिऱ्याची घालायची, अशी त्यांच्या घरची रीत. आई भेदभावाच्या तक्रारी ऐकणाऱ्या समता न्यायालयात गेली आणि हरली. मग उच्च न्यायालयात जिंकली. शिक्षण खात्यानं अपील केलं आणि प्रकरण जोहान्सबर्गच्या संविधान न्यायालयात पोहोचलं. (ज्या तुरुंगात गांधीजींना ठेवलं होतं, त्याच आवारात हे न्यायालय उभं आहे आणि पाडलेल्या तुरुंगाच्या विटा त्याच्या बांधकामात वापरल्या आहेत. एकदा जाऊन त्या विटांना हात लावून आले.)

शाळेचा युक्तिवाद मला अगदीच चुकीचा वाटत नाही. गणवेशानं गरीब-श्रीमंत झाकलं जातं; एकीला सूट दिली की उद्या दुसरी काहीतरी वेगळं मागेल. शिवाय हिंदू धर्मात चमकी सक्तीची कुठे आहे?

सक्तीची नव्हतीच. मुलीच्या आईनंही तसा दावा केला नव्हता. आणि नेमक्या याच मुद्द्यावर २००७ च्या निकालात सरन्यायाधीश पायस लांगा यांनी जे लिहिलं, ते मी तीनदा वाचलं. प्रथा ऐच्छिक आहे म्हणून तिचं संरक्षण कमी होत नाही, असं ते म्हणतात. ही चमकी या मुलीच्या श्रद्धेचा आणि ओळखीचा भाग आहे का, आणि ती राहू दिली तर शाळेवर खरंच किती ओझं पडेल, हे त्यांनी तपासलं. खटला चालू असताना मुलगी चमकी घालूनच वर्गात बसत होती. शिस्त काही बिघडली नव्हती. गणवेश तसाच राहिला, फक्त सूट नाकारणं हा अन्याय्य भेदभाव ठरला. निकाल लागला तोवर ती शाळा सोडून गेलीही होती, तरी पुढच्या मुलींसाठी न्यायालयानं प्रश्न तडीस नेला.

आपल्याकडे भारतात सर्वोच्च न्यायालयाच्या १९५४ च्या शिरूर मठ निकालापासून दुसरी वाट रुळली आहे: ही 'अत्यावश्यक धार्मिक प्रथा' आहे का, हे न्यायाधीशच ठरवतात. २०२२ मध्ये कर्नाटकातल्या हिजाबच्या खटल्यात याच चमकीच्या निकालाचा हवाला दिला गेला होता. उच्च न्यायालयानं तो मानला नाही. चमकी इतकी बारीक की ती डोळ्यांत भरत नाही, असं म्हटलं. सर्वोच्च न्यायालयात दोन न्यायमूर्तींचं एकमत झालं नाही.

हिजाबबद्दल तुमचं मत काहीही असो, पण माझी चमकी 'आवश्यक' आहे की नाही हे एखाद्या न्यायाधीशानं पोथ्या उघडून ठरवावं, हे मला पटत नाही. आवश्यक नाहीच ती. तरी सासरी एकदा हरवली तेव्हा मी दोन दिवस रडले होते. हे कुठल्या ग्रंथात सापडणार?

आंटींना मात्र माझं सगळंच पटलं नाही. "असं प्रत्येकाच्या मनावर सोडलं तर शाळेनं नाही कधी म्हणायचं?" असं त्यांनी विचारलं. शाळेचं खरंच काही बिघडत असेल तेव्हा, आणि ते शाळेनं दाखवून द्यावं, मी म्हटलं. त्या गप्प राहिल्या. पटलं असावं असं वाटलं नाही.

अर्जात 'कारण' असा रकाना होता. मी लिहिलं: आजीची इच्छा आणि मुलीची हौस.