तुम्ही विचारलंत म्हणून : इतकी सुंदर घरं पाडतात, राग येत नाही?

लातूर-धाराशिवकडच्या माळवदाच्या, म्हणजे मातीच्या सपाट छताच्या, घरांचे फोटो दाखवले की हा प्रश्न येतोच. पाठोपाठ दुसरा, ‘ती वाचवा, असं का लिहीत नाही?’ प्रेमानं विचारता, हे कळतं मला. तरी आता एकदाचं सांगून टाकते.

त्या घरांचं देखणेपण तुमच्याइतकंच मलाही दिसतं. दोन-दोन हात रुंद दगडमातीच्या भिंती, तुळया, त्यावर किलचन म्हणजे लाकडी फळकुटं आणि वर पांढऱ्या मातीचा जाड थर. मे महिन्यात उंबरा ओलांडला की अंग निवतं. पूर्वी मीही ‘वाचवा’ म्हणत होते, चांगलं तावातावानं.

मग किल्लारीच्या पट्ट्यातल्या एका जुन्या गावठाणात गेले. 30 सप्टेंबर 1993 ची ती भूकंपाची पहाट तुम्हाला सांगायला नको. विसर्जनाची रात्र, दमून झोपलेली माणसं. गाव पुढे दुसरीकडे वसलं, इथे बाभळी माजल्यात. एका अर्ध्या भिंतीत कोनाडा शाबूत होता, आत दिव्याची काजळीसुद्धा. मी त्याच्यासमोर ट्रायपॉड लावत होते, तेवढ्यात शेळ्या घेऊन एक म्हातारबाबा आले.

‘कशाचा फोटू काढायलाव, ताई?’

‘कोनाड्याचा, बाबा.’

‘आमचाच हाय त्यो.’

मी काही विचारलं नाही. त्यांनीच काठीनं जमिनीवर दाखवलं. हितं आई. हितं मंडळी, दोन्ही लेकरं कुशीत. ते स्वतः त्या रात्री राखणीला शेतात होते. बराच वेळ काठी तिथेच टेकलेली. मग म्हणाले, ‘दर साली मिरगाच्या आधी मीच माती टाकायचो वर. गळू नये म्हणून.’

‘काढा की फोटू,’ असंही म्हणाले. शर्टाचं वरचं बटण लावून कोनाड्याशेजारी उभे राहिले. काढला. तो फोटो तुम्ही पाहिलेला नाही आणि मी दाखवणारही नाही.

आता सांगा, त्यांना वारसा म्हणजे काय ते मी समजावू? दर वर्षीच्या मातीनं छत जड होत गेलेलं. भिंतीला आतून एक थर, बाहेरून एक, मध्ये गोटे नि माती; दोन्ही थर बांधणारा आरपार दगड नाही. हादरा बसला, भिंती फुटल्या आणि सगळं झोपलेल्यांवर आलं.

तरी माझ्यातली ती जुनी भांडकुदळ बाई गप्प बसत नाही. ती म्हणते, खणाच्या घरांत, जिथे छताचा भार लाकडी खांबांवर होता, तिथे भिंती पडूनही काही छतं तरलीच ना? माती कमी करता येते, भिंतींचे दोन्ही थर एकमेकांना बांधून घेता येतात. खरं आहे तिचं. स्लॅबचं घर उन्हाळ्यात भट्टीसारखं तापतं, हेही खरं. आणि हो, नक्षीची चौकट जेसीबीच्या दातात सापडते तेव्हा मला राग येतो. भयंकर येतो. पण तो घरमालकावर काढायचा?

औशाकडच्या एका काकूंनी मध्यंतरी विचारलं, माळवद उतरवून पत्रे टाकू का. कॅमेरा बाजूला ठेवून मी आधी वर चढले, थर किती आहे ते पाहिलं. भरपूर होता. इंजिनिअरला दाखवा, खांब चांगले असतील तर तेवढे ठेवा, इतकंच म्हणाले. खर्च ऐकून त्यांनी पत्रेच ठरवलेत. त्यांना अडवायला हवं होतं का, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.