हॅमॉकवरची ताडपत्री आणि राजमाचीचा पाऊस
आज राजमाचीला उधेवाडीजवळच्या झाडीत हॅमॉक टांगला, वर सिलनायलॉनची (सिलिकॉनचा लेप दिलेल्या नायलॉनची) हलकी ताडपत्री. आधी दोन झाडांमध्ये रिजलाइन, म्हणजे ताडपत्री ज्यावर टाकायची तो दोर, ताणली आणि ताडपत्री हॅमॉकच्या टोकांपासून जेमतेम वीतभर वर ठेवली, कारण उंच बांधली की आडवा पाऊस थेट आत, आणि जुलैत घाटमाथ्यावर पाऊस सरळ पडतो कुठे! वारा नैऋत्येचा, म्हणून त्या बाजूचे कोपरे पार जमिनीलगत खुंट्यांना बांधले. नायलॉन भिजलं की सैल पडतं, त्यामुळे अंधार पडल्यावर दोऱ्या परत ताणल्या. हॅमॉक झाडाला बांधायच्या पट्ट्यांवरून पाणी ओघळत आत येतं ना, त्यावर उपाय म्हणजे ताडपत्रीखाली पट्ट्याला सुतळीचा तुकडा लोंबता बांधायचा, पाणी तिथूनच टपकतं, भारी जुगाड आहे राव. पट्टे मात्र रुंदच घ्या, बारीक दोरीने झाडाची साल कापते.