वही आडवी धरली होतीस का गं?

२४ ऑक्टोबर १९९५, फतेहपूर सिक्री, सकाळचे साडेआठ. मी एस.वाय.ला, कॉलेजच्या ग्रुपबरोबर गेले होते. सूर्यग्रहणाची खग्रास स्थिती मिनिटभरसुद्धा टिकली नाही. तेवढ्यात दिसलं ते वहीत पेन्सिलीने ओढलं: काळी टिकली, तिच्यातून एक पांढरा पंख वर, एक खाली. पुण्यात आल्यावर सरांनी चित्र पाहिलं आणि म्हणाले, "वही आडवी धरली होतीस का गं?" वर्ग हसला. पुस्तकातल्या फोटोंमध्ये ते पंख डावी-उजवीकडे होते. घाईत माझंच काहीतरी चुकलं असणार, असं मीही धरून चालले.

त्या पंखांना स्ट्रीमर म्हणतात. ते सूर्याच्या करोनात असतात, म्हणजे त्याच्याभोवतीच्या विरळ वायूच्या प्रभामंडळात. (२०२० नंतर हा शब्द उच्चारला की समोरचा मास्क शोधतो, म्हणून मी प्रभामंडळच म्हणते.)

दुसरी संधी ८ एप्रिल २०२४ला, इंडियानातल्या ब्लूमिंग्टनमध्ये. लेक तिकडे शिकतो. ४०० मिलिमीटरची लेन्स, साधा ट्रायपॉड, आणि ताकीद: "आई, कॅमेऱ्याला हात लावायचा नाही, तू फक्त बघ." चार मिनिटं बघितलं. या वेळी दोन पंख नव्हतेच. चहूबाजूंनी काटे फुटल्यासारखे झोत, आणि तळाशी गुलाबी ठिणगी, तेजशृंगाची, म्हणजे सूर्याच्या कडेवर उसळलेल्या वायूच्या लोळाची. १९९५ला सूर्य डागांच्या चक्रात तळाजवळ होता, तेव्हा स्ट्रीमर विषुववृत्ताच्या पट्ट्यात राहतात. २०२४ला तो शिखराजवळ होता.

खरा घोळ मी पुण्यात परतल्यावर सुरू झाला. पहिल्या फोटोत काळ्या वर्तुळाभोवती निव्वळ भिजलेला कापूस. डोळ्यांनी पाहिलेले काटे गेले कुठे? कारण साधं आहे. प्रभामंडळ सूर्याच्या कडेशी जेवढं उजळ, त्याच्या हजारपटीच्या आसपास मंद ते सूर्याच्या दोन-तीन त्रिज्या दूर असतं. एका फोटोत ते मावत नाही. सौरशास्त्रज्ञ गॉर्डन न्यूकर्क यांनी १९६६च्या बोलिव्हियातल्या ग्रहणाला कॅमेऱ्यात मध्यभागी दाट आणि बाहेर विरळ होत जाणारा फिल्टर बसवला होता. आमच्याकडे त्याऐवजी १/२००० सेकंदापासून २ सेकंदांपर्यंतचे ढीगभर फोटो होते. त्यातले २ सेकंदवाले आधीच बाद, कारण साध्या ट्रायपॉडवर तेवढ्यात सूर्य तीस विकला सरकतो (एक विकला म्हणजे अंशाचा ३६००वा भाग).

उरलेले एकावर एक रचायचे होते. मी चंद्राची काळी कड पकडून रचले, कारण तीच ठसठशीत दिसत होती. चंद्र सुरेख आला, प्रभामंडळ फिसकटलं. दोन रविवार गेल्यावर डोक्यात उजेड पडला: चार मिनिटांत चंद्र सूर्यावरून सरकलेला असतो, आमच्या फोटोत चाळीस-पन्नास पिक्सेल. मी सरकणारी गोष्ट खुंटी धरून बसले होते! मग कमी वेळाचे फोटो तेजशृंगांवरून जुळवले, आणि बाकीचे प्रभामंडळाच्याच नक्षीवरून, लेकाने लिहून दिलेल्या पायथन या संगणकीय भाषेतल्या चार ओळींनी.

पुढचं काम मला जमण्यासारखं होतं, मी अकाउंट्समधली. सूर्याच्या केंद्राभोवती एकेक वर्तुळ घ्यायचं, त्याच्या उजेडाची सरासरी काढायची, आणि त्यावरच्या प्रत्येक ठिपक्याला त्या सरासरीने भागायचं. मग जवळचं-लांबचं एका पातळीवर येतं आणि फक्त कोण सरासरीच्या वर, कोण खाली, एवढंच उरतं. रात्री साडेअकराला स्क्रीनवर झोत उभे राहिले. फार ताणलं तर मात्र साधूच्या जटा होतात. तसे फोटो लोक हौसेने टाकतात, मला ते आवडत नाहीत.

एक स्ट्रीमर मोठा करून पाहिला. थेट मोड आलेला कांदा: बुडाशी फुगीर, वर निमुळता होत लांबच लांब दांडा. फुगीर भाग म्हणजे चुंबकीय कमानी, दोन्ही टोकं सूर्यात रुतलेली. त्यांच्यात वायू कोंडून राहतो. कमानीखाली काळपट पोकळी, पोकळीत तेजशृंग. दांड्याच्या दोन बाजूंना चुंबकीय क्षेत्राची दिशा उलट असते आणि मधोमध विजेच्या प्रवाहाचा पातळ पडदा. मुळात झोतातला उजेडही त्याचा स्वतःचा नाही. सूर्याचा प्रकाश मोकळ्या इलेक्ट्रॉनांवरून विखुरतो, जिथे ते दाट तिथे उजळ.

आणि स्ट्रीमर म्हणजे खांबही नाही, हे कळायला मला सगळ्यात जास्त वेळ लागला. तो पडदा सूर्याभोवती परकरासारखा पसरलेला असतो. सूर्य शांत असताना घेर सपाट, आपण कडेने बघतो, म्हणून दोन पंख. सूर्य खवळला की परकराला चुण्या पडतात, आणि जी चुणी नेमकी आपल्या नजरेच्या रेषेत येते ती झोत दिसते.

खातरजमा म्हणून सूर्यावर नजर ठेवणाऱ्या सोहो यानावरच्या लॅस्को कॅमेऱ्याची त्याच दिवशीची चित्रं उतरवली. त्यांच्या मालिकेत स्ट्रीमरच्या टोकाकडून छोटे गोळे सुटून बाहेर वाहताना दिसतात, पाच त्रिज्यांपाशी सेकंदाला १५० किलोमीटरच्या आसपास. पण आमचा एकही झोत त्यांच्याशी जुळेना. फोटो उलटा केला, आरशात धरला, काही नाही. लेक फोनवर म्हणाला, "आई, उत्तर कुठे आहे ते बघितलंस का?" दुपार टळल्यावर आकाशातली उत्तर दिशा उजवीकडे कलते, तेव्हा सुमारे २५ अंश, शिवाय एप्रिलच्या सुरुवातीला सूर्याचा अक्षही त्याच बाजूला २६ अंश. फोटो पन्नासेक अंश डावीकडे फिरवला आणि झोतावर झोत बसला.

मग हात आपोआप त्या जुन्या वहीकडे गेला. सोहोचं उड्डाण २ डिसेंबर १९९५चं, त्यामुळे त्या सकाळचं लॅस्कोचं चित्र नाही. पण हिशेब तोच. सकाळी उत्तर दिशा डावीकडे कलते, फतेहपूर सिक्रीला त्या वेळी पन्नासेक अंश; ऑक्टोबरअखेर सूर्याचा अक्षही डावीकडे, पंचवीसेक अंश. बेरीज पंच्याहत्तरच्या पुढे. सूर्याचा अक्ष जवळपास आडवा, विषुववृत्त उभं.

वहीतल्या चित्रावर कोनमापक ठेवला. वरचा पंख सरळ वर नव्हता, किंचित उजवीकडे झुकलेला होता, दहा-पंधरा अंश.