उणे ३१२ अंशांचा बर्फ

थर्मिस्टर म्हणजे तापमानाप्रमाणे विद्युत रोध बदलणारा सेन्सर. बर्फाच्या पाण्यात बुडवलेल्या अशा एका थर्मिस्टरचं तापमान माझ्या एक्सेल शीटने उणे ३१२ अंश सेल्सियस दाखवलं. निरपेक्ष शून्यच मुळी उणे २७३.१५ ला, आणि आमचा बर्फ त्याच्याही खाली! शेजारी उभा असलेला सहकारी भाबडेपणाने म्हणाला, "मॅडम, प्रोब बदलून बघू का?" मी हो म्हटलं. दुसऱ्या प्रोबनेही तसलाच अचाट आकडा दिला. म्हणजे गोंधळ माझ्या समीकरणात होता, पण हे स्वतःशी कबूल करायला मला आणखी तासभर लागला.

काम तसं साधं होतं. २५ अंशांना १० हजार ओहम रोध असलेला थर्मिस्टर. वॉटर बाथ (ठरावीक तापमानाला ठेवता येणारं पाण्याचं भांडं) ० ते ८० अंशांपर्यंत पाच-पाच अंशांनी चढवायचा, तापमान स्थिरावलं की मल्टिमीटर बघून रोध वहीत लिहायचा. अशा १७ नोंदी झाल्या. शून्याला ३३,६०० ओहम, ऐंशीला जेमतेम १,२७०. आकडे एक्सेलमध्ये घालून स्कॅटर चार्ट काढला. (लाइन चार्ट नाही. तो आडव्या अक्षावर तुमचे आकडे न घेता १, २, ३ असे क्रमांक धरतो आणि ट्रेंडलाइनचं समीकरणही त्यावरच काढतो. तो फटका आधी खाऊन झाला होता.) मग रोधावरून तापमान काढणारी पॉलिनॉमियल ट्रेंडलाइन, म्हणजे ठिपक्यांतून जाणारा बहुपदी वक्र, लावली. तिसऱ्या घाताची बसेना, चौथ्याची बसेना. शेवटी एक्सेलमध्ये जास्तीत जास्त जेवढा घात मिळतो तो, सहावा, घेतला. आर-स्क्वेअर (वक्र किती चांगला बसला याचं माप, १ म्हणजे अगदी अचूक) ०.९९९८! रेघ सगळ्या ठिपक्यांतून गेल्यासारखी दिसत होती. चार्टवरचं समीकरण बघून बघून मी ते सेलमध्ये टाइप केलं.

घोळ तिथेच झाला होता. चार्टवरच्या लेबलमध्ये सहाव्या घाताचा सहगुणक (त्याला गुणणारा आकडा) १ गुणिले १० चा उणे २४ वा घात असा दिसत होता. लेबलवर उजवी क्लिक करून दशांश स्थळं वाढवली, तेव्हा कळलं की खरा आकडा १ नाही, जवळपास १.४ आहे. एवढ्याशा ०.४ ने काय बिघडतं? पण ३३,६०० चा सहावा घात केला की १.४४ गुणिले १० चा २७ वा घात होतो. त्या एकाच पदात पावणेसहाशे अंशांची तफावत! बाकीच्या पदांच्या चुका उलटसुलट बेरजेत येऊन उणे ३१२ उरले होते इतकंच.

पूर्ण आकडे घातल्यावर बर्फ शून्याजवळ आला. तिथे थांबायला हरकत नव्हती, पण आता माझा त्या ०.९९९८ वरचा विश्वासच उडाला होता. शेजारी एक कॉलम केला: मोजलेलं तापमान वजा समीकरणाने काढलेलं. त्याचा आलेख काढला तर ठिपके इकडेतिकडे विखुरलेले नव्हतेच; वर, खाली, पुन्हा वर, अशी अर्ध्या अंशाची लाट. मोजमापातली चूक अशी नाचत नाही. वक्रच चुकीच्या जातीचा होता.

थर्मिस्टरसाठी स्टाइनहार्ट आणि हार्ट यांचं १९६८ चं समीकरण आहे: केल्विनमधल्या तापमानाचा व्यस्त म्हणजे एक स्थिरांक, अधिक काही पट रोधाचा लॉग, अधिक काही पट त्या लॉगचा घन. दिसायला अवघड, पण सहगुणकांच्या दृष्टीने रेषीयच. म्हणून सॉल्व्हरची, म्हणजे अंदाज बदलत उत्तर शोधणाऱ्या एक्सेलच्या साधनाची, गरज नाही. लॉगचा एक कॉलम, घनाचा एक कॉलम, आणि लाइनेस्ट, म्हणजे सहगुणक थेट काढून देणारं एक्सेलचं फंक्शन. साताऐवजी तीनच सहगुणक, आणि तेही सेलमध्ये पूर्ण आकड्यांसकट, टाइप करायची भानगड नाही.

फरकाचा आलेख पुन्हा काढला. लाट गेली. १६ ठिपके ०.१ अंशाच्या आत, शून्याच्या रेषेला चिकटून. सतरावा, ४५ अंशांचा, मात्र जवळजवळ अर्धा अंश बाजूला, एकटा. मघाच्या लाटेत तो दिसणं शक्यच नव्हतं.

वही उघडली. ४५ अंशांसमोर माझ्याच अक्षरात ४,४३८. वक्र म्हणत होता ४,३५० च्या आसपास. ४,३४८ लिहिताना मधल्या तीन-चारची अदलाबदल झाली असावी, असं मला जवळजवळ खात्रीने वाटत होतं. सहकारी म्हणाला, "मग करा ना दुरुस्त, कोण बघतंय?" मोह झाला, नाही असं नाही. पण वक्राला जुळतो म्हणून आकडा बदलायचा आणि मग वक्र किती छान बसला म्हणायचं, हे मला पटेना.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाथ पुन्हा ४५ वर आणला. स्थिरावायला वीस मिनिटं गेली. मल्टिमीटर ४,३५१ वर थांबला. वहीतल्या जुन्या आकड्यावर एक आडवी रेघ मारली, खाली तो वाचता येईल अशी, आणि शेजारी नवा आकडा, तारीख, सही.