उंच शिखर म्हणजे कामाचं द्रव्य नव्हे

द्राक्षांचा हंगाम आला की दिंडोरी-गंगापूर पट्ट्यातल्या वायनऱ्यांमागे चोथ्याचे ढीग लागतात आणि त्यांच्याबरोबर हा प्रश्नही येतो : "चोथ्याच्या अर्कानं जिवाणू मरतात, हे दिसलं. त्यातलं नेमकं काय मारतंय, ते मशीनवर एकदा चालवून सांगता येईल ना?" विचारणारे कधी फार्मसीचे विद्यार्थी असतात, कधी चोथ्याला चार पैसे मिळावेत म्हणून धडपडणारे बागायतदार. तुम्हीही तेच विचारलंत, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

नुसत्या मशीनवर नाही सांगता येत. अर्कात काय काय आहे, ते मशीन दाखवतं. त्यातलं काम कोण करतं, हे त्याला ठाऊक नसतं. एचपीएलसी म्हणजे द्रव्यं वेगळी करून ती प्रकाशात मोजणारं मशीन. त्याच्या आलेखावर २८० नॅनोमीटरला सगळ्यात उंच शिखर कॅटेचिनचं (द्राक्षातल्या एका पॉलिफेनॉलचं) आलं, तर त्याचा अर्थ एवढाच की कॅटेचिन तिथे प्रकाश चांगला शोषतं. बियांच्या तेलातलं लिनोलेइक आम्ल त्या तरंगलांबीला जवळपास दिसतच नाही, आणि बॅसिलससारख्या जिवाणूंना ते चांगलंच रोखतं. उलट बाजूनं, अर्कात भिजवलेली कागदी चकती जिवाणूंच्या थरावर ठेवून तिच्याभोवतीचं स्वच्छ वर्तुळ पाहूनही भागत नाही, कारण ते सगळ्या अर्काचं मिळून उत्तर असतं. म्हणून आधी द्रव्यं एकमेकांपासून वेगळी करायची आणि ती जिथे आहेत तिथेच जिवाणूंना विचारायचं. सिलिकाचा पातळ थर दिलेल्या प्लेटवर हे दोन्ही जमतं : द्रावक वर चढताना द्रव्यं वेगवेगळ्या उंचीवर थांबतात.

चोथ्याची एक ग्रॅम वाळलेली पूड, दहा मिलिलिटर मिथेनॉल, अर्धा तास अल्ट्रासॉनिक बाथ, मग गाळणं. सिलिका जेल ६० एफ२५४ ची २० × १० सेंमीची प्लेट घ्या. खालून आठ मिलिमीटरवर आठ मिलिमीटर रुंदीचे पट्टे द्या, दोन ते दहा मायक्रोलिटरचे. टोल्युइन, इथाइल अॅसिटेट आणि फॉर्मिक आम्ल ५:४:१ घेऊन ७० मिलिमीटरपर्यंत चढवा. मेदाम्लं वरच्या भागात जातात, मोठे टॅनिन तळाशीच ओघळासारखे राहतात. अशा एकसारख्या तीन प्लेटी करा : एक जिवाणूंसाठी, एक रंगाच्या फवाऱ्यासाठी, एक कशालाही न भिजवता मास स्पेक्ट्रोमीटरसाठी, म्हणजे रेणूंचं वस्तुमान मोजणाऱ्या मशीनसाठी. प्रत्येकीवर एक लेन (उभी रांग) नुसत्या मिथेनॉलची आणि एक क्लोरॅम्फेनिकॉल या प्रतिजैविकाची हवीच.

सगळ्यात जास्त चुका यापुढे होतात. फॉर्मिक आम्ल सिलिकाला चिकटून बसतं. ते उडालं नाही तर जिवाणू त्या आम्लानंच मरतात, अख्खी प्लेट पांढरी पडते आणि चोथा फार गुणी वाटू लागतो. थंड हवेच्या झोतात निदान अर्धा तास वाळवा. तरीही शंका असेल तर सोडियम बायकार्बोनेटचा हलका फवारा मारून पुन्हा वाळवा. मिथेनॉलची लेन अशा वेळी सोबत्यासारखी उपयोगी पडते : तीही पांढरी दिसली, तर दोष अर्काचा नाही.

नंतर प्लेट बॅसिलस सबटिलिसच्या पातळ कल्चरमध्ये बुडवून ३७ अंशांवर दोन तास ठेवायची, ओले टिश्यू घातलेल्या बंद डब्यात. एप्रिलमध्ये नाशिकची हवा इतकी कोरडी असते की डबा नीट बंद नसेल तर प्लेटच्या कडा सुकतात, तिथले जिवाणू मरतात आणि कडेच्या लेनमध्ये नसलेले पट्टे उगवतात. मग एमटीटी या पिवळ्या रंगद्रव्याचं ०.२ टक्के द्रावण. जिवंत जिवाणू त्या पिवळ्या रंगाचा जांभळा करतात. जिथे ते मेलेत किंवा थबकलेत, तिथे फिकट पट्टा उरतो. तो पट्टा किती उंचीवर आहे ते मोजा, आणि न भिजवलेल्या प्लेटवर बरोबर त्याच उंचीवरून द्रव्य उतरवून मास स्पेक्ट्रोमीटरला द्या.

समजा, वस्तुमानाचा आकडा आला २७९. इथे घाई नडते. ऋण आयनांत २७९ म्हणजे बहुधा लिनोलेइक आम्ल. धन आयनांत तोच २७९ प्लास्टिकमधल्या डायब्युटाइल थॅलेटचा असतो, म्हणजे नळीतून किंवा झाकणातून आलेला. दशांशात पाहिलं तर २७९.२३ आणि २७९.१६ असा फरक पडतो, म्हणून दशांश सोडू नका. आणि शेजारच्या रिकाम्या लेनमधून त्याच उंचीवर तोच आयन येतो का, तेही बघा. वस्तुमान जुळलं म्हणजे नाव पक्कं झालं, असंही नाही. कॅटेचिन आणि एपिकॅटेचिन दोघांचाही ऋण आयनांतला आकडा २८९. शुद्ध नमुना शेजारच्या लेनमध्ये चालवून उंची, रंग आणि रेणू फोडल्यावरच्या तुकड्यांचा स्पेक्ट्रम जुळवावा लागतो. द्रव्य नवं वाटलं तर एनएमआरला, म्हणजे रेणूची रचना दाखवणाऱ्या तपासणीला, पर्याय नाही.

इतकं झाल्यावरही एक हिशेब उरतो, आणि माझ्या मते तोच सगळ्यात जास्त टाळला जातो. समजा, शुद्ध लिनोलेइक आम्लाच्या पाच मायक्रोग्रॅमला जेवढा पट्टा पडतो, तेवढाच तुमच्या अर्काला पडला, पण मोजल्यावर अर्काच्या त्या पट्ट्यात एकच मायक्रोग्रॅम सापडलं. मग त्याच उंचीवर आणखी कोणीतरी बसलंय. दुसरं द्रावक मिश्रण घेऊन पट्टा फोडायचा आणि पुन्हा जिवाणूंना विचारायचं.

हे काम किती चिकाटीचं आहे, याचा दाखला आपल्याच विभागातला आहे. नंदुरबारला जन्मलेले मनसुख वाणी यांनी अमेरिकेत मन्रो वॉल यांच्यासोबत पॅसिफिक यू या झाडाच्या सालीतून टॅक्सॉल हे कर्करोगावरचं औषध वेगळं केलं. रचना प्रसिद्ध झाली १९७१ मध्ये. दर टप्प्याला अर्क विभागायचा, प्रत्येक भाग कर्करोगावरच्या चाचणीत तपासायचा आणि ज्यात गुण दिसेल तोच पुढे न्यायचा. सुमारे १२ किलो मालातून हाती आलं अर्धा ग्रॅम. टक्केवारी ०.००४. अशा द्रव्याचं शिखर उंची बघून कोणी निवडलं नसतं.

तुमच्या चोथ्याचं म्हणाल, तर साली आणि बिया आधी वेगळ्या करा. बियांची पूड हेक्सेननं (तेल विरघळवणाऱ्या द्रावकानं) धुवा आणि हेक्सेनचा भाग न टाकता तोही प्लेटवर चालवा. सगळा गुण हेक्सेनमध्ये गेला, तर तुमचा शोध पॉलिफेनॉलचा नाही, तेलाचा आहे. चोथा लाल वाइनचा की पांढरीचा, तेही लिहून ठेवा. लाल चोथा आंबलेला असतो. पांढरा आंबवण्याआधीच पिळून काढलेला, त्यात साखर शिल्लक असते, त्यामुळे त्याला बुरशी लवकर लागते. बुरशीही जिवाणू मारणारी द्रव्यं बनवते आणि प्लेटवर ती चोथ्याच्याच नावावर जमा होतात. म्हणून पोत्यात बांधून दोन दिवसांनी आणू नका. पिळल्याच्या दिवशीच ताटात पातळ पसरून ४५ अंशांच्या आसपास वाळवा आणि काचेच्या बाटलीत भरून आणा. प्लास्टिकच्या डब्यात नको, २७९ लक्षात आहे ना.