मोत्याने थांबणे सोडले तेव्हा

मोत्या कोपऱ्यावरच्या खांबापाशी थांबेनासा झाला आहे, हे माझ्या लक्षात यायला जवळजवळ एक महिना लागला. 11 वर्षांचा आणि 28 किलो वजनाचा हा कुत्रा त्या खांबाची सविस्तर चौकशी केल्याशिवाय कधीही पुढे सरकलेला नव्हता. आता मात्र तो खांबाकडे एकदा पाहून, मान खाली घालून मुकाट्याने चालत राहत असे. वय झाले, नाक मंदावले असेल, सांधे दुखत असतील, अशी मी स्वतःची समजूत घातली. पशुवैद्यांना दाखवले, त्यांनी सांधे नीट दाबून पाहिले, काही निघाले नाही. मग एके दिवशी माझ्या दुसऱ्या कुत्रीच्या, चिंगीच्या पंजात काटा रुतला म्हणून तिला घरी ठेवून मोत्याला एकट्याला बाहेर काढले, आणि हे गृहस्थ खांबापाशी पोहोचताच चारही पाय रोवून उभे राहिले. चांगली दोन मिनिटे. नाक शाबूत होते, सांधेही ठीक होते. घोडे पेंड खात होते ते माझ्या हातातल्या कपलरपाशी.

ज्यांच्याकडे एकच कुत्रा आहे त्यांच्यासाठी सांगते. (आपण गळ्यातल्या पट्ट्यालाही पट्टा म्हणतो आणि हातात धरायच्या पट्ट्यालाही पट्टाच म्हणतो, त्यामुळे गोंधळ नको म्हणून हातातल्याला मी लीशच म्हणणार आहे.) कपलर म्हणजे काय, तर एका लीशच्या टोकाला फिरती कडी असते आणि तिच्यापासून दोन आखूड शाखा निघतात, प्रत्येक शाखेला एक कुत्रा अडकवायचा. कडी फिरत असल्यामुळे कुत्र्यांनी जागा बदलल्या तरी पीळ पडत नाही आणि माणसाचा दुसरा हात मोकळा राहतो. दीड वर्षाची, 12 किलोंची चिंगी घरात आल्यावर तिसऱ्याच आठवड्यात दोन लीशची वेणी सोडवून सोडवून मी वैतागले आणि कपलर घेतला. वेणी थांबली, आणि सगळे सुरळीत झाले असे मला वाटले.

प्रत्यक्षात कपलरमुळे दोन्ही कुत्री माझ्याऐवजी एकमेकांना बांधली गेली होती. मोत्या वासासाठी थांबला की चिंगी पुढेच जात असे, आणि तिच्या ओढीचा झटका कडीतून थेट मोत्याच्या गळ्यावर, तोही आडवा, बसत असे. माझ्या हाताला त्यातले फारसे काही जाणवत नव्हते, कारण ताण त्या दोघांमध्येच वाटला जात होता. रोज पंधरावीस झटके खाल्ल्यावर कोणताही समंजस म्हातारा जे करील तेच मोत्याने केले: त्याने थांबणे सोडून दिले. आणि मी ओळखीच्या लोकांना सांगत होते की दोघे आता किती छान जोडीने चालतात!

वास घेणे ही कुत्र्याच्या फिरण्यातली फावल्या वेळची चैन नव्हे. माणसाच्या नाकात साधारण 50 ते 60 लाख गंधग्राही असतात, तर कुत्र्याच्या नाकात जातीनुसार 20 ते 30 कोटी. शिवाय त्याने सोडलेला श्वास नाकपुड्यांच्या बाजूच्या फटींतून बाहेर पडतो, त्यामुळे समोरचा वास उधळला न जाता तो एकामागून एक हुंगत राहू शकतो. मोत्याच्या नाकाकडे जवळून पाहिले की त्या फटींची बारीक थरथर दिसते आणि खांबाच्या बुंध्याशी साचलेली धूळ नाकाच्या दोन्ही बाजूंना उडताना दिसते. एवढे काम चालू असताना बाजूने गळ्याला हिसका बसणे म्हणजे काय, याची कल्पना मला उशिरा आली.

म्हणून कपलर काढला आणि सुरुवातीपासून सुरुवात केली. पहिले सहा आठवडे दोघांना वेगवेगळे फिरवले, कारण ओढणारा कुत्रा दुसऱ्याच्या सोबतीने शिकवता येत नाही, हे मी आधी चार दिवस वाया घालवून पाहिले होते. रीत तशी सोपी आहे: लीश ताणली की आपण थांबायचे, ती सैल पडली की चालायचे, म्हणजे ओढून कुठेही पोहोचता येत नाही हे कुत्र्याच्या ध्यानात येते. पण दोघे बरोबर असले की चिंगीने ओढल्यावर मी थांबते आणि शहाण्यासारख्या चालणाऱ्या मोत्यालाही विनाकारण थांबावे लागते. उलट मोत्यासाठी पुढे निघाले तर चिंगीला ओढण्याचे बक्षीस मिळते. धरले तर चावते आणि सोडले तर पळते, अशी ती गत. एकटीला शिकवताना मात्र ती पाचव्या दिवशीच लीश ताणली की मागे वळून माझ्याकडे पाहू लागली.

साधनांविषयी माझी मते आता बऱ्यापैकी ठाम झाली आहेत. दोघांनाही हार्नेस (छाती-पाठीभोवती घालायचा पट्ट्यांचा साज), म्हणजे ओढ गळ्यावर न येता छातीवर येते. लहान जातींच्या कुत्र्यांत तर श्वासनलिका नाजूक असते, त्यांच्या गळ्यात लीश अडकवूच नये. चिंगीच्या हार्नेसला लीश छातीवरच्या कडीत अडकवते, कारण ओढले की ती आपोआप बाजूला वळते. मोत्याची पाठीवरच्या कडीत. हातातल्या बटणाच्या यंत्रात गुंडाळली जाणारी लांब दोरीची लीश दोन कुत्र्यांसाठी कधीच वापरू नये, असे मी स्पष्ट सांगेन. तिची दोरी बारीक असते, वेगाने सरकताना कातडी भाजल्यासारखी सोलून काढते, आणि दोन यंत्रांची दोन बटणे योग्य वेळी दाबायला माणसाला तिसरा हात लागेल. मोत्याची लीश 6 फुटांची, चिंगीची 4 फुटांची. लांबी वेगळी ठेवल्याने दोघे एकाच रेषेत येत नाहीत आणि गुंता निम्म्याने कमी होतो. मोत्याची चामड्याची आणि चिंगीची नायलॉनची आहे. अंधारात न पाहता, नुसत्या स्पर्शाने कोण ओढते आहे ते कळावे, एवढाच त्यामागचा हेतू.

लीश मनगटाला किंवा बोटांना गुंडाळू नये, हे मी पुस्तकी ज्ञान म्हणून सांगत नाही. कपलरच्या दिवसांत एक मांजर कुंपणाखालून निघाले, दोघे एकाच क्षणी उसळले, आणि बोटांभोवती घेतलेला वेढा आवळून माझी करंगळी महिनाभर पट्टीत होती. जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या संशोधकांनी 2023 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार 2001 ते 2020 या काळात कुत्रा लीशवर फिरवताना झालेल्या दुखापतींसाठी अमेरिकेतल्या आपत्कालीन विभागांत 4 लाख 22 हजारांहून अधिक प्रौढ गेले असावेत, आणि त्यांत सर्वांत जास्त प्रमाण बोटाच्या अस्थिभंगाचे होते. ते वाचून मला करंगळीबद्दल वाटणारी लाज थोडी कमी झाली. आता लीशचा फास अंगठ्यात अडकवून वर मूठ मिटते. पकड घट्ट राहते आणि खरोखरच वेळ आली तर मूठ उघडून सोडूनही देता येते.

दोघांना दोन बाजूंना ठेवावे की एकाच बाजूला, यावर मतभेद आहेत. दोन बाजूंना ठेवले तर गुंता होत नाही हे खरे, पण एक डावीकडे आणि एक उजवीकडे सुटला की आपला तोल जातो. एकाच बाजूने ओढ आली तर निदान पाय रोवता येतात, म्हणून मी दोघांना डावीकडे ठेवते, मोत्याला माझ्या पायाशी आणि चिंगीला त्याच्या पलीकडे. गुंता झालाच तर चालता चालता हात डोक्यावरून फिरवत बसू नये. थांबावे, दोघांना आपल्याकडे तोंड करून बोलवावे आणि एक मूठ दुसऱ्या लीशच्या खालून काढून घ्यावी. विष्ठा उचलायला वाकताना चिंगीची लीश मधोमध बुटाखाली दाबते, एवढी की तिला उभे राहता येते पण निघता येत नाही. कमरेच्या पट्ट्याला दोन्ही लीश अडकवून हात मोकळे ठेवणारे लोक मी पाहिले आहेत. त्यांच्या कमरेचे मला कौतुक वाटते.

सर्वांत कठीण प्रसंग समोरून तिसरा कुत्रा आल्यावरचा. एक भुंकला की दुसऱ्याला कारण लागत नाही. आणि समोरच्यापर्यंत पोहोचता आले नाही की तो आवेश शेजारच्यावर निघतो. चिंगीने एकदा असेच गर्रकन वळून मोत्याचा कान पकडला होता. रक्ताचा एक थेंब, पण मोत्याच्या चेहऱ्यावरचे आश्चर्य मी विसरलेले नाही. तिचे त्याच्याशी भांडण नव्हते, तो फक्त तोंडाच्या टप्प्यात होता. तेव्हापासून लांबूनच कुत्रा दिसला की मी दोघांच्या मध्ये शिरते आणि रस्ता ओलांडून वळण घेते. खाऊ द्यायचा तो हातातूनच, आधी एकाला, मग दुसऱ्याला. जमिनीवर टाकलेल्या एका तुकड्यासाठी दोन तोंडे एकत्र येणे म्हणजे नवे संकट.

बर्फावरची गाडी ओढणारे डझनभर कुत्रे एकत्र धावतात आणि मला दोन आवरत नाहीत, असे मी एकदा स्वतःला हिणवले होते. मग त्यांची मांडणी पाहिली. मध्ये एक मुख्य दोर असतो, प्रत्येक कुत्र्याच्या हार्नेसच्या मागच्या टोकापासून एक आखूड दोर त्याला जोडलेला असतो, आणि सगळ्यांना एकाच दिशेला, एकाच वेगाने जायचे असते. माझ्याकडे एकाला खांब हवा असतो आणि दुसरीला क्षितिज.

सध्याची व्यवस्था अशी आहे की सकाळी दोघे वेगवेगळे, आणि संध्याकाळी वीस मिनिटे एकत्र. घरातून निघतानाही आधी मोत्या उंबरठा ओलांडतो, चिंगी बसून राहते, मग तिला बोलावते. दारात दोघे एकदम घुसले की पुढची दहा मिनिटे शर्यतीची जातात. खांबापाशी पोहोचलो की मी चिंगीची लीश आखूड धरते आणि मनात आकडे मोजते. पहिल्यांदा ती आठपर्यंत थांबली होती. काल मोत्याने खांबाच्या चारही बाजू तपासल्या, मग पहिली बाजू पुन्हा एकदा तपासली, तेव्हा मी त्रेपन्नपर्यंत पोहोचले होते. चिंगीने मध्ये दोनदा सुस्कारा टाकला, एकदा माझ्या बुटावर पंजा ठेवला, आणि शेवटी तीही त्याच खांबाशी नाक लावून उभी राहिली.