बुडाला काळा डाग

2 ऑक्टोबर
गांधी जयंतीची सुट्टी. चहाच्या कागदी कपांना खाली भोकं पाडली आणि टोमॅटोच्या बारा बिया पेरल्या. 2023 च्या जुलैत टोमॅटो शंभरी पार गेले, तेव्हापासून हे मनात होतं. आधी वाटलं, भाजीतलाच एक टोमॅटो पिळून बी काढावं. पण बाजारातला टोमॅटो बहुतेक संकरित, त्याचं पोर बापावर जाईलच असं नाही. म्हणून पाकीट आणलं, अर्का रक्षक. बेंगळुरूच्या भारतीय उद्यानविद्या संशोधन संस्थेची जात. पानं मुरडणारा विषाणू, मर आणि करपा या तिघांपुढे टिकून राहते म्हणे. नवशिक्या बाईला अजून काय हवं!

अमरावतीला आईला फोन केला. "भेदरे लावले? कुंडीत?" एवढं विचारून ती नुसती हसली. भेदरे म्हणजे आमच्या वऱ्हाडातले टोमॅटो.

2 नोव्हेंबर
नऊ उगवली, त्यातली धट्टीकट्टी दोन ठेवली. एक रंगाच्या रिकाम्या 20 लिटरच्या बादलीत, दुसरं चिनी मातीच्या निळ्या आठ इंची कुंडीत. निळी कुंडी पुण्यातल्या प्रदर्शनातून हौसेनं घेतलेली, तिच्यात काहीतरी लावायचंच होतं. माती, गांडूळखत आणि बरंचसं कोकोपीट, म्हणजे नारळाच्या काथ्याचा भुसा. रोप वरच्या पानांपर्यंत पुरलं, कारण टोमॅटोच्या खोडालाही मुळं फुटतात. हात धुताना साबणाचा फेस चक्क पिवळा-हिरवा झाला. तो वास रात्री पोळ्या लाटतानाही बोटांना होता.

14 डिसेंबर
फुलं! सकाळी दहाच्या सुमारास प्रत्येक घोसाला टिचकी मारते. एकाच फुलात नर-मादी दोन्ही सोयी असतात, नुसतं हलवलं की काम होतं. नवरा म्हणाला, "मीटिंगमधून उठून फुलांना टिचक्या मारणारी बाई मी पहिल्यांदा बघतोय." बघू दे.

6 जानेवारी
आज रडायला आलं. निळ्या कुंडीतली हिरवी फळं लिंबाएवढी झालीत, आणि चारांपैकी तिघांच्या बुडाशी काळपट, चपटा, चामड्यासारखा डाग. देठाकडून फळ इतकं गुळगुळीत की काही कळूच नये, उलटं केलं की हे. मला वाटलं करपा, म्हणून निंबोळी अर्क फवारला. मग कुठेतरी वाचलं की हे कॅल्शियमचं, तर अंड्याची टरफलं मिक्सरमधून काढून मातीवर भुरभुरली. (मिक्सरचं भांडं दोनदा घासलं तरी सासूबाईंना सांगायची हिंमत नाही.)

बादलीतल्या झाडाला मात्र एकही डाग नाही. बी तेच, माती तीच, ऊन तेच.

11 जानेवारी
सापडलं. टरफलांचा काही संबंध नव्हता, ती विरघळायला महिने घेतात, आणि मातीत कॅल्शियम बहुधा होतंच. ते पाण्याबरोबर चढतं. पाणी तुटलं की मिळेल तेवढं पानं ओढून घेतात आणि फळाचं टोक उपाशी राहतं. डाग पडतो तो त्या उपासाचा, रोगाचा नव्हेच. मी तीन रोगांवर तोडगा विकत आणला आणि चौथा घरीच होता.

पण मी तर पाणी घालत होते! रोज सकाळी, बशीत पाणी उतरेपर्यंत. आज सहज निळी कुंडी उचलली तर ती रिकाम्या डब्यासारखी हलकी. काठाशी बघितलं, कोकोपीट सुकून आक्रसलेलं आणि कुंडीच्या कडेला बोटभर फट. वरून ओतलेलं पाणी त्या फटीतून सरळ खाली, बशीत. मी बशी भरलेली बघून समाधानानं लॅपटॉप उघडायची. दोन पेरांपर्यंत बोट खुपसलं तर आत भुसा, कोरडा ठणठणीत.

मग कॅलेंडर काढून बसले. नाताळात आम्ही तीन दिवस साताऱ्याला होतो. मावशींना सांगितलं होतं, त्यांनी प्रामाणिकपणे पाणी घातलंही असणार, माझ्यासारखंच. तेव्हा फळं बोराएवढी होती. डाग दिसायला पंधरवडा गेला. म्हणजे मी इथे काय लिहिलं नाही ते त्या टोमॅटोंनी बुडावर लिहून ठेवलंय.

कुंडी अर्धा तास बादलीभर पाण्यात बसवली. बुडबुडे किती वेळ येत होते! वर नारळाच्या शेंडीचा थर घातला. आता दोन टप्प्यांत पाणी, आधी थोडं, दहा मिनिटांनी उरलेलं. डागाळलेली फळं तोडली, ती काही बरी होत नाहीत.

दुपारी खालच्या काकूंनी बेल वाजवली. त्यांच्या वाळत घातलेल्या साडीवर आमच्या बुडबुड्यांचं पाणी. साडी मी धुऊन देते म्हटलं, तर म्हणाल्या, "राहू दे, टोमॅटो दे."

26 जानेवारी
पहिला तोडा. बादलीतले तीन पिकले, स्वयंपाकघरातल्या काट्यावर 270 ग्रॅम. कोपऱ्यावरचा भाजीवाला तेवढे पाच-सात रुपयांना देईल. माती, खत, पाकीट, अर्क यांचा हिशेब मी मांडलेला नाही आणि मांडणारही नाही. एक काकूंना दिला. दोनांचं सार केलं, तूप-जिऱ्याची फोडणी, चिमूटभर गूळ. गूळ कमी लागला.

निळ्या कुंडीत नवीन दोन फळं धरलीत, वाटाण्याएवढी. रोज उलटं करून बघते, अजून तरी स्वच्छ आहेत. हे झाड बादलीतल्याच्या निम्मं राहिलंय, आता ते काही भरून निघायचं नाही.

संध्याकाळी आईला व्हिडिओ कॉलवर बादली दाखवली. लाल झालेलं एकेक फळ जवळ नेऊन. तिनं सगळं बघितलं आणि म्हणाली, "मस्त झाले वं भेदरे. आन् थे निळ्या कुंडीतलं काऊन दाखवत नाई?"

"रेंज नाही आई," म्हटलं, आणि कॅमेरा पुन्हा बादलीकडे वळवला.